संकेतस्थळाने अकस्मात मागितलेला पासवर्ड : लक्षणे, निदान आणि उपचार

प्रास्ताविक

रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, छोटी नर्सिंग होम आणि आपल्यासारखी वैद्यक मंडळे यांची स्वतःची संकेतस्थळे असणे यात आता काही नावीन्य राहिलेले नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा, सभासदांची यादी, व्याख्यानमालेची पत्रके आणि काही ठिकाणी रुग्णांचे तपासणी अहवालही या संकेतस्थळांवर ठेवले जातात. मंडळाचे संकेतस्थळ बहुधा एखाद्या सभासदाच्या चिरंजीवाने वा कन्येने हौसेने उभारून दिलेले असते. पुढे ती मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला वा परदेशी जातात आणि संकेतस्थळ मागे राहते. ते चालू असते तोवर त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एके दिवशी मात्र सर्वांसाठी खुले असलेले पान अकस्मात नाव आणि पासवर्ड मागू लागते आणि कार्यवाहांचा दूरध्वनी दिवसभर खणखणत राहतो.

अशा वेळी घाईघाईने दोन उपाय केले जातात. पहिला म्हणजे पासवर्डची सगळी व्यवस्थाच काढून टाकणे. दुसरा म्हणजे सर्व फायलींना ‘७७७’ ही परवानगी देऊन सगळे दरवाजे सताड उघडणे. निदान न करता प्रत्येक तापाला स्टेरॉइड द्यावे, त्यातलाच हा प्रकार आहे. लक्षण तेवढ्यापुरते दबते आणि रोग आत पसरतो. संकेतस्थळाच्या बाबतीत हा आत पसरणारा रोग म्हणजे रुग्णांच्या खासगी माहितीची गळती होय. म्हणून या लक्षणाचे निदान कसे करावे याची माहिती, संगणकतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनाही असणे इष्ट आहे. दुरुस्ती दुसऱ्या कोणी केली तरी योग्य प्रश्न विचारणे हे आपलेच काम आहे.

प्रस्तुत लेखात आलेल्या आज्ञा व संज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

१. पान कसे येते आणि पेटी कोण दाखवतो

आपण संकेतस्थळाचा पत्ता टंकतो तेव्हा आपला ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे एक मागणी पाठवतो. सर्व्हर उत्तरात मजकूर तर पाठवतोच, पण त्याच्या आधी तीन अंकी सांकेतिक क्रमांकही पाठवतो. पुढील पाच क्रमांक लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

२०० – मागणी मान्य, पान पाठवले आहे.
४०१ – आपण कोण हे कळले नाही, ओळख पटवा.
४०३ – ओळख असो वा नसो, हे पान देता येणार नाही.
४०४ – असे पान येथे नाही.
५०० – सर्व्हरच्या आतच काही बिघडले आहे.

यांपैकी ४०१ आणि ४०३ यांतील भेद या लेखाचा गाभा आहे. ४०१ च्या उत्तरासोबत सर्व्हर एक शीर्षओळ पाठवतो. ओळख कोणत्या पद्धतीने पटवायची आणि कोणत्या विभागासाठी पटवायची हे त्या ओळीत लिहिलेले असते. ती ओळ वाचून ब्राउझर नाव-पासवर्डाची छोटी पेटी स्वतः काढतो. म्हणजे ती पेटी संकेतस्थळाच्या पानाचा भाग नसते. ४०३ आले तर पेटी उमटत नाही, फक्त नकार दिसतो.

ओळख पटणे आणि मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पहारेकरी “आपण कोण?” असे विचारतो, ते ४०१. “साहेब, मी आपल्याला ओळखतो, पण आत सोडण्याचा हुकूम नाही,” असे म्हणतो, ते ४०३.

२. रुग्णेतिहास : नेमके काय दिसते?

‘साइट पासवर्ड मागते’ ही तक्रार ‘पोट दुखते’ या तक्रारीइतकीच मोघम आहे. तिच्यामागे किमान चार निरनिराळे विकार असू शकतात, म्हणून प्रथम नेमके वर्णन विचारून घ्यावे.

(अ) ब्राउझरची स्वतःची साधी पेटी. तिच्यावर संस्थेचे चिन्ह किंवा रंगसंगती नसते. मागे पान अर्धवट दिसते किंवा मुळीच दिसत नाही. हा ४०१ चा प्रकार आहे.

(आ) संकेतस्थळाचेच सजवलेले प्रवेशपान. नाव आणि पासवर्ड बरोबर दिले तरी तेच पान पुन्हा पुन्हा समोर येते. येथे सर्व्हर २०० पाठवत असतो आणि दोष प्रवेशाची नोंद टिकून न राहण्यात असतो.

(इ) वर्डप्रेससारख्या प्रणालीत व्यवस्थापक आत शिरतो, पण एखादे प्लगइन अद्ययावत करताना त्याच्याकडे एफटीपीचे नाव आणि पासवर्ड मागितला जातो. हा फायलींच्या मालकीचा प्रश्न आहे.

(ई) पेटीवर दिसणारा पत्ता आपल्या संकेतस्थळाचा नसून परक्याच स्थळाचा असतो. येथे पासवर्ड मुळीच टंकू नये. पानावर कोठून तरी उचलून जोडलेली वस्तू, किंवा घुसखोराने घातलेला दुवा, ही पेटी काढत असण्याची शक्यता आहे.

याखेरीज काही प्रश्न विचारावेत. पेटी सर्वांना येते की एकालाच? सर्व पानांवर येते की ठरावीक पानावर? त्याआधीच्या एक-दोन दिवसांत कोणी नवीन फाईल चढवली, सर्व्हर बदलला किंवा सुरक्षेसाठी काही नवे केले का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळदा अर्धे निदान दडलेले असते.

३. अपाचे सर्व्हर : पेटी आली तर कारण कोणाच्या तरी आज्ञेत असते

अपाचे हा १९९५ साली प्रथम प्रसिद्ध झालेला आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा मुक्त सर्व्हर आहे. लिनक्सवरील स्वस्त होस्टिंगमध्ये बहुधा तोच भेटतो. त्याच्यात ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाची लहानशी फाईल कोणत्याही फोल्डरात ठेवता येते. त्या फोल्डरासाठी पासवर्ड हवा, पासवर्डांची यादी अमुक ठिकाणी आहे आणि ओळख पटलेल्या कोणालाही सोडावे, अशा तीन-चार ओळी तिच्यात लिहिल्या की ब्राउझरची पेटी उमटू लागते.

येथे एक महत्त्वाचा नियम लक्षात ठेवावा. अपाचेमध्ये फाईल वाचण्याची परवानगी चुकली तर ४०३ येते, पेटी येत नाही. म्हणून अपाचेवर पेटी उमटत असेल तर फायलींच्या परवानग्यांशी खेळत बसण्यात अर्थ नाही. कोणीतरी कोठेतरी पासवर्डाची आज्ञा लिहिली आहे, तीच शोधावी. ही आज्ञा बहुधा तीन मार्गांनी अनपेक्षित ठिकाणी पोहोचते.

पहिला मार्ग वारशाचा. एचटीॲक्सेसमधील आज्ञा त्या फोल्डराला लागू होते, तशीच त्याच्या पोटातील सर्व फोल्डरांनाही होते. मंडळाच्या ‘कार्यकारिणी’ फोल्डरासाठीची फाईल नजरचुकीने एक पायरी वर ठेवली गेली की संपूर्ण संकेतस्थळ कुलूपबंद होते.

दुसरा मार्ग चित्रांचा. मुखपृष्ठ खुले असते, पण त्यावरील एखादे छायाचित्र कुलूपबंद फोल्डरातून घेतलेले असते. ब्राउझर पान आणतो, मग चित्र आणायला जातो आणि तेथे त्याला ४०१ मिळते. पाहणाऱ्याला वाटते की मुखपृष्ठच पासवर्ड मागते. पेटी रद्द केली आणि पान उरलेले नीट दिसले, फक्त एक चित्र गायब राहिले, तर निदान झालेच म्हणून समजावे.

तिसरा मार्ग वर्डप्रेसचा, आणि तो फार वेळा भेटतो. सुरक्षेसाठी कोणीतरी ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ या व्यवस्थापनाच्या फोल्डरावर पासवर्ड बसवतो. हेतू उत्तम असतो. पण त्याच फोल्डरात ‘ॲडमिन-एजॅक्स’ नावाची एक फाईल असते आणि खुल्या पानांवरील संपर्क-अर्ज, चित्रमालिका, दिनदर्शिका यांसारखी कितीतरी प्लगइन तिच्याकडे आपोआप मागणी पाठवत असतात. परिणामी अपॉइंटमेंटचा अर्ज उघडणाऱ्या रुग्णासमोर पेटी उभी राहते. येथे सगळे कुलूप काढण्याची आवश्यकता नाही. त्या एका फाईलपुरती सूट देणारा नियम एचटीॲक्सेसमध्ये घातला की खुली पाने खुली राहतात आणि व्यवस्थापनाचे दार बंद राहते.

पेटीत बरोबर पासवर्ड दिल्यावर ५०० आले, तर पासवर्डांची यादी असलेली फाईल सर्व्हरला उघडता येत नाही असा संशय घ्यावा. सर्व्हर बदलताना तिचा पत्ता बदललेला असतो किंवा ती वाचण्याची मुभा गेलेली असते. ही यादी संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डराबाहेरच असावी. तसेच, या साध्या पद्धतीत नाव आणि पासवर्ड केवळ बेस-६४ या लेखनपद्धतीत रूपांतरित होऊन जातात. ते कूटबद्ध नसतात आणि वाटेत कोणीही ते उलगडू शकतो. म्हणून एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळावर ही पेटी वापरू नये.

४. विंडोज सर्व्हर : येथे परवानगी चुकली तरी पेटी येते

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरवर चित्र नेमके उलटे आहे. ज्याची ओळख विचारली जात नाही अशा पाहुण्याच्या वतीने तेथे एक ठरावीक खाते फायली वाचत असते. आयआयएस ७ पासून त्याचे नाव ‘आययूएसआर’ असे आहे. त्या खात्याला फाईल वाचण्याची मुभा नसेल तर सर्व्हर ४०३ न देता ४०१.३ देतो. दशांश चिन्हापुढचा ३ हा उपक्रमांक ‘फाईलच्या परवानगीयादीने नकार दिला’ असे सांगतो. त्याच वेळी सर्व्हरवर विंडोज-ओळख ही पद्धतही चालू असेल, तर ब्राउझरला ‘दुसरी ओळख दाखवा’ असा निरोप जातो आणि पेटी उमटते. ती पद्धत बंद असेल तर पेटी न येता केवळ नकाराचे पान दिसते.

बाकी सर्व पाने नीट उघडतात आणि एकच नवीन पत्रक पासवर्ड मागते, असे का व्हावे? याचे उत्तर विंडोजच्या एनटीएफएस फाईलव्यवस्थेच्या एका स्वभावात आहे. एखादी फाईल कॉपी केली की ती नव्या फोल्डराच्या परवानग्या घेते. पण तीच फाईल एकाच ड्राइव्हवर हलवली, म्हणजे कट-पेस्ट केली, की ती जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येते. व्यवस्थापकाने पत्रक डेस्कटॉपवर तयार केले आणि तेथून संकेतस्थळाच्या फोल्डरात हलवले. डेस्कटॉपवरील फाईल केवळ त्याच्यासाठी असते, पाहुण्याच्या खात्याला तेथे थारा नसतो. फाईल सार्वजनिक फोल्डरात येऊनही मनाने डेस्कटॉपवरच राहिली. सासरी येऊनही माहेरचेच नियम चालवणाऱ्या सुनेसारखी तिची गत होते.

हेच एका अदृश्य मार्गानेही घडते. संकेतस्थळावरील अर्जातून चढवलेली फाईल पीएचपी ही प्रणाली आधी तात्पुरत्या फोल्डरात ठेवते आणि मग योग्य जागी हलवते. तात्पुरते फोल्डर त्याच ड्राइव्हवर असेल तर त्याच्याच परवानग्या फाईलला चिकटून राहतात. म्हणून ‘जुनी छायाचित्रे दिसतात, अर्जातून नव्याने चढवलेली मात्र पासवर्ड मागतात’ हे वर्णन ऐकताच या कारणाचा विचार करावा.

उपचार सोपा आहे. संकेतस्थळाच्या फोल्डरावर ‘आयकॅक्ल्स’ ही आज्ञा ‘रीसेट’ या पर्यायासह चालवली की आतील फायलींवरील वेगळ्या परवानग्या पुसल्या जातात आणि त्या वरच्या फोल्डराचा वारसा घेतात. आतील एखाद्या फोल्डरास मुद्दाम वेगळे संरक्षण दिलेले असेल तर तेही पुसले जाईल, म्हणून ते आधी पाहून घ्यावे. पुढे असे होऊ नये यासाठी पीएचपीला वेगळे तात्पुरते फोल्डर नेमून द्यावे, त्यावर योग्य परवानग्या ठेवाव्यात आणि माणसांनी हलवण्याऐवजी कॉपी करण्याची सवय लावावी.

५. लिनक्सवरील परवानग्यांचे अंक

लिनक्समध्ये प्रत्येक फाईलकडे तीन गट पाहतात : मालक, त्याचा समूह आणि इतर सर्व. प्रत्येक गटाला वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २ आणि चालवण्यासाठी १ असे गुण मिळतात. त्यांची बेरीज म्हणजे त्या गटाचा अंक. ६४४ याचा अर्थ मालकाला वाचणे व लिहिणे, म्हणजे ६, समूहाला केवळ वाचणे, म्हणजे ४, इतरांनाही ४. साध्या फायलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ हा सर्वसामान्य प्रघात आहे.

फोल्डराच्या बाबतीत १ या गुणाचा अर्थ ‘चालवणे’ असा नसून ‘ओलांडून आत जाणे’ असा आहे. येथे अनेकांची फसगत होते. फाईल ६४४ असली तरी तिच्या वाटेवरील एखादे फोल्डर ओलांडता येत नसेल तर सर्व्हर तेथपर्यंत पोहोचतच नाही आणि ४०३ देतो. हातातील नाडी लागत नाही म्हणून केवळ मनगट तपासून चालत नाही, वरची धमनीही पाहावी लागते. ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह दिली की मुळापासून फाईलपर्यंतच्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते.

काही ठरावीक चिन्हे ओळखता आली तर वेळ वाचतो.

पीएचपीची पाने दिसतात पण चित्रे दिसत नाहीत : अनेक होस्टिंगवर पीएचपी मालकाच्या नावाने चालते आणि चित्रे मात्र सर्व्हरचे स्वतंत्र खाते वाचते. चित्रे ६०० या परवानगीने चढली असतील तर ती त्या खात्याला वाचता येत नाहीत. फायली चढवणाऱ्या प्रोग्रॅमची ‘यूमास्क’ ही मांडणी ०७७ असेल तर असे होते. ती ०२२ असावी.

परवानगी वाढवल्यावर ४०३ च्या जागी ५०० आले : अपाचेची ‘एसयूएक्झेक’ ही सोय समूहाला वा इतरांना लिहिता येईल असा प्रोग्रॅम चालवण्यास नकार देते. येथे ७७७ हा उपचारच रोग ठरतो.

अंक बरोबर, मालक बरोबर, तरीही ४०३ : रेड हॅट गटातील लिनक्सवर ‘एसई-लिनक्स’ हा दुसरा पहारेकरी असतो. तो प्रत्येक फाईलवरील चिठ्ठी पाहतो. फाईल घरच्या फोल्डरातून हलवली तर जुनी चिठ्ठी तिच्यासोबतच येते. विंडोजच्या विभागात पाहिलेला विकार येथे निराळ्या रूपात भेटतो. ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा जागेला योग्य अशी चिठ्ठी पुन्हा लावते. त्यासाठी संपूर्ण एसई-लिनक्स बंद करणे म्हणजे एका मुरुमासाठी अवयव छाटणे होय.

७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरील प्रत्येक खात्याला वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची मुभा. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. त्यांतील एकात घुसलेला चोर अशा फायलींत आपला प्रोग्रॅम सहज पेरू शकतो. ज्या फोल्डरात लिहिण्याची खरोखर आवश्यकता आहे त्याचा मालक योग्य नेमावा, हाच खरा उपाय आहे.

६. मालकी आणि स्मरण : उरलेले दोन प्रकार

वर्डप्रेस एफटीपीचा पासवर्ड मागते त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अद्ययावत करण्यापूर्वी ते एक तात्पुरती फाईल तयार करून पाहते आणि तिचा मालक व स्वतःच्या मूळ फायलींचा मालक एकच आहे काय, हे ताडून पाहते. दोन्ही एक असतील तर काम थेट होते. भिन्न असतील तर ‘मला मालकाच्या नावाने आत येऊ द्या’ म्हणून एफटीपीची माहिती मागते. सर्व्हर बदलताना व्यवस्थापकाने मुख्य खात्यातून सर्व फायली उतरवल्या असतील तर मालकी बदलते आणि हा प्रश्न उभा राहतो. तुलना मालकीची असल्यामुळे येथे ७७७ देऊनही बहुधा पेटी जात नाही, केवळ धोका वाढतो. ‘चोन’ या आज्ञेने मालकी पूर्ववत करणे हाच उपचार.

प्रवेशपान पुन्हा पुन्हा येण्याच्या प्रकारात दोन कारणे प्रमुख आहेत. पीएचपी प्रत्येक प्रवेशाची नोंद सर्व्हरवरील एका फोल्डरात ठेवते. त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा गेली किंवा डिस्क भरली, की पासवर्ड बरोबर असूनही नोंद होत नाही आणि पुढच्याच क्षणी आपण पुन्हा अनोळखी ठरतो. दुसरे कारण पत्त्याचे. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता हे कुकीच्या दृष्टीने दोन वेगळे पत्ते ठरू शकतात. एकावर ओळख पटवून दुसऱ्यावर गेले की ती ओळख तेथे लागू होत नाही. दोहोंपैकी एकच पत्ता कायम करून दुसरा त्याकडे वळवावा.

७. तपासणीचा क्रम

निदान नेमके व्हावे यासाठी पुढील क्रम पाळावा.

पहिली पायरी : ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तपासावे. एकदा दिलेला पासवर्ड ब्राउझर बंद होईपर्यंत लक्षात ठेवतो, त्यामुळे नेहमीच्या खिडकीत दोष दिसेनासा होतो.

दुसरी पायरी : सांकेतिक क्रमांक पाहावा. ब्राउझरमधील विकासकांच्या साधनांत ‘नेटवर्क’ विभाग असतो. त्यात प्रत्येक चित्राचा व फाईलचा क्रमांक वेगळा दिसतो. चाळीस मागण्यांपैकी कोणती एक ४०१ देते हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

तिसरी पायरी : सर्व्हरची त्रुटी-नोंदवही वाचावी. रक्ताचा अहवाल न पाहता औषध बदलू नये, तसे नोंदवही न वाचता परवानगी बदलू नये. अपाचे २.४ मध्ये प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. एएच ०००३५ म्हणजे वाटेवरील फोल्डर ओलांडता आले नाही. एएच ००१३२ म्हणजे फाईल वाचण्याची मुभा नाही. एएच ०१६३० म्हणजे सर्व्हरच्या नियमांनी नकार दिला. एएच ०१६१७ म्हणजे पासवर्ड जुळला नाही आणि एएच ०१६१८ म्हणजे ते नावच यादीत नाही. आयआयएसच्या नोंदीत ४०१ पुढे ३ आणि त्यापुढे ५ हे अंक दिसले तर फाईलच्या परवानगीचाच दोष आहे असे खुशाल समजावे.

चौथी पायरी : एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. पूर्वीचा अंक नोंदवल्याशिवाय नवा देऊ नये.

पाचवी पायरी : उपचारानंतर तीन प्रकारे पडताळावे. अनोळखी पाहुण्याला खुले पान दिसते का? त्याच पाहुण्याला बंद पान नाकारले जाते का? अधिकृत सभासदाला बंद पान उघडते का? बहुतेक जण पहिली तपासणी करून थांबतात. दुसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे.

८. पेटी न उमटणे हा अधिक गंभीर आजार

वैद्यकात वेदना हे शत्रूचे नव्हे, सावधानतेचे लक्षण असते. अनपेक्षित पेटी त्रास देते, पण ती पहारेकरी जागा असल्याचे दाखवते. जेथे पासवर्ड विचारला जावा तेथे तो विचारलाच गेला नाही, तर कोणीही तक्रार करत नाही आणि माहिती वर्षानुवर्षे उघडी पडून राहते.

२०१९ च्या सप्टेंबरात ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने क्ष-किरण, सीटी व एमआरआय चित्रे साठवणाऱ्या पॅक्स सर्व्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या सुमारे २,३०० सर्व्हरांपैकी ५९० सर्व्हर महाजालावरून कोणालाही उघडता येत होते. ५२ देशांतील २ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्णनोंदी त्यांवर होत्या आणि त्यांत भारतातील नोंदीही होत्या. अमेरिकेत टेनेसी राज्यातील टचस्टोन मेडिकल इमेजिंग या कंपनीच्या एफटीपी सर्व्हरवर ३ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती उघडी राहिली होती. त्या प्रकरणी कंपनीने २०१९ मध्ये ३० लाख डॉलर भरून तडजोड केली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘फाईल ६४४ आहे, म्हणजे बाहेरचा माणूस फक्त वाचू शकेल, बदलू शकणार नाही, म्हणून ती सुरक्षित आहे’, असे काहींना वाटते. रुग्णाचा अहवाल नुसता वाचला जाणे हीच तर हानी आहे. शिवाय फाईलच्या परवानग्या यंत्रावरील खात्यांसाठी असतात. महाजालावरील पाहुण्याच्या वतीने सर्व्हरच फाईल वाचत असतो. सर्व्हरला ती वाचता येते आणि मध्ये पासवर्ड नाही, एवढ्यावर ती जगाला वाचता येते. परवानगीचा अंक आणि पासवर्डाचे कुलूप हे दोन वेगळे पहारे आहेत. एक आहे म्हणून दुसरा काढता येत नाही.

म्हणून रुग्णांचे अहवाल सार्वजनिक फोल्डराच्या बाहेर ठेवावेत आणि ओळख पटल्यावरच प्रोग्रॅमने ते काढून द्यावेत. फोल्डरातील फायलींची यादी दाखवण्याची सोय बंद करावी. अहवालांना १, २, ३ असे अनुक्रमांक देऊ नयेत, कारण एकाला आपला क्रमांक कळला की शेजाऱ्याचा अंदाज करणे कठीण नसते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना संवेदनशील व्यक्तिगत माहितीच्या वर्गात घातले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. ‘संगणकाचे काम मुलाकडे होते’ हे उत्तर रुग्णासमोर टिकणारे नाही.

सारांश

अपाचेवर पेटी आली तर पासवर्डाची आज्ञा शोधावी आणि ४०३ आले तर परवानग्या पाहाव्यात. विंडोज सर्व्हरवर पेटी आली तरी परवानग्या पाहाव्यात आणि फाईल हलवली होती का, हे विचारावे. वर्डप्रेस एफटीपी मागत असेल तर मालकी तपासावी. प्रवेशपान पुन्हा पुन्हा येत असेल तर नोंदींचे फोल्डर व कुकी पाहावी. परकी पेटी असेल तर पासवर्ड देऊ नये. आणि कोणत्याही परिस्थितीत ७७७ देऊन सुटका करून घेऊ नये.

प्रत्येक मंडळाने आणि रुग्णालयाने आपल्या संकेतस्थळाचा एक केसपेपर ठेवावा. सर्व्हर कोणता, होस्टिंगची मुदत केव्हा संपते, कोणत्या फोल्डरावर कुलूप आहे व का, मालकी कोणत्या खात्याची आणि शेवटचा बदल कोणी व केव्हा केला, एवढ्या नोंदी त्यात पुरेशा आहेत. पासवर्ड मात्र त्यात लिहू नयेत. ते वेगळे, बंद लखोट्यात, दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे असावेत. रुग्णाचा केसपेपर नीट असला की नवा डॉक्टरही योग्य उपचार करू शकतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. कार्यकारिणी बदलते आणि मुले दूरदेशी जातात, परंतु रुग्णांनी विश्वासाने सोपवलेली माहिती आपल्याचकडे राहते. तिचा सांभाळ करणे हे आपले कर्तव्य आहे.